गॉथिक अक्षरं निवडताना आधी शब्द बघा

"ताई, दारावरच्या पाटीसाठी गॉथिकमध्ये नाव लिहून द्याल का?" असा निरोप आला की मी आधी दोनच गोष्टी विचारते. नाव काय आहे, आणि ते वाचणार कोण? कागद, शाई, आकार, चौकट हे सगळं नंतर. बऱ्याच जणांना वाटतं की गॉथिक म्हणजे फॉन्टच्या यादीतलं एक नाव, ते निवडलं की काम झालं. पण गॉथिक हे अख्खं घराणं आहे. युरोपच्या वेगवेगळ्या भागांत, काही शतकांच्या अंतरानं घडलेली ही अक्षरं. त्यातलं जे एका नावाला खुलून दिसतं, तेच दुसऱ्या नावाला वाचण्यापलीकडे नेऊन ठेवतं. म्हणून निवड शब्दापासून सुरू करायची, शैलीपासून नाही.

मी मूळची सांगलीची. मामांचं पाट्या रंगवायचं दुकान होतं. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार आणि स्नेहसंमेलनांचे दिवस आले की प्रशस्तिपत्रकांवर नावं टाकायचं काम. इंग्रजी शाळांच्या प्रशस्तिपत्रकांवर माथ्याला 'सर्टिफिकेट' हा शब्द बहुतेक वेळा गॉथिकमध्येच छापलेला असायचा. मामा त्या छापील अक्षरांवर बोट ठेवून सांगायचे, "काळं काय बघतेस, मधलं पांढरं बघ." लहानपणी कानावर पडलेलं ते वाक्य आज रोज कामाला येतं.

सध्या मी जर्मनीत, फ्रँकफुर्टला लागून असलेल्या ऑफेनबाखमध्ये राहते. नोकरी अक्षरांशी काडीचा संबंध नसलेली, पण गाव मात्र अक्षरांचं. इथे क्लिंगस्पोर नावाची टाइप फाउंड्री, म्हणजे छपाईचे धातूचे खिळे ओतणारा कारखाना होता. रुडॉल्फ कोख १९०६ मध्ये तिथे कामाला लागले आणि १९३४ मध्ये वारले तोपर्यंत तिथेच अक्षरं घडवत राहिले. गॉथिक अक्षरांवर विसाव्या शतकात त्यांच्याइतकं प्रेम क्वचितच कुणी केलं असेल. फाउंड्री १९५६ मध्ये बंद झाली, पण १९५३ पासून सुरू असलेलं क्लिंगस्पोर संग्रहालय आजही आहे. आणि ऑफेनबाखच्या मार्केटप्लात्झहून एस ८ लोकल पकडली की न बदलता माइन्झला जाता येतं, जिथे योहानेस गुटेनबर्गनं १४५५ च्या सुमारास पानाला बेचाळीस ओळी असलेलं बायबल छापून पूर्ण केलं. गॉथिक छपाईचा आरंभ आणि तिचा शेवटचा मोठा बहर, दोन्ही एकाच लोकलच्या रुळांवर. मला हे भाग्य वाटतं.

आता मुख्य मुद्दा. ढोबळमानानं चार शैली लक्षात ठेवल्या तरी निवडीचं बरंचसं काम भागतं: टेक्स्टुरा, रोटुंडा, श्वाबाखर आणि फ्राक्टूर.

टेक्स्टुरावर मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण 'गॉथिक' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे येतं ते बहुधा हेच. ऑफिसच्या संगणकावर 'ओल्ड इंग्लिश टेक्स्ट' नावानं असतं ते, न्यूयॉर्क टाइम्सच्या नावात दिसतं ते, बुलेटच्या टाकीवर किंवा दंडावरच्या टॅटूत दिसतं ते, सगळं याच घरातलं. बाराव्या शतकाच्या सुमारास उत्तर युरोपात त्या आधीची गोलसर अक्षरं अरुंद आणि टोकदार व्हायला लागली. विद्यापीठं वाढत होती, पुस्तकं जास्त लागत होती, चर्मपत्र महाग होतं. अरुंद अक्षरांमुळे एका ओळीत जास्त शब्द बसत. पण नुसतीच काटकसर असती तर अक्षर इतकं देखणं झालं नसतं. लेखनिकांना त्या दाट, एकसारख्या पोताची गोडी लागली होती, हे पान समोर धरलं की कळतं.

ते लिहायचं कसं, तेही सांगते. कट निब किंवा चपट्या टोकाचं पेन ओळीशी साधारण चाळीस ते पंचेचाळीस अंशांत धरायचं. अक्षराच्या अंगाची, म्हणजे डोकं आणि शेपटी सोडून मधल्या भागाची, उंची निबच्या रुंदीच्या पाचपट. पायलट पॅरलल पेनमधलं ३.८ मिलिमीटरचं पेन घेतलं तर अंग १९ मिलिमीटरचं. आता छोटा 'एन' लिहा. निब टेकवून उजवीकडे खाली किंचित ओढली की एक तिरका चौकोन उमटतो. त्याच्या मध्यातून सरळ खाली दंड, म्हणजे उभी जाड रेघ, काढायचा, तळाला पोचायच्या आत थांबायचं आणि पायाशी पुन्हा तसाच एक चौकोन. दुसरा दंडही तसाच. वरचा चौकोन पहिल्या दंडाला कोपऱ्यानं जेमतेम शिवतो, आणि दोन दंडांच्या मध्ये जी पांढरी पट्टी उरते तिची रुंदी दंडाच्या रुंदीएवढी. हीच टेक्स्टुराची सगळी किल्ली. अक्षराच्या आत जेवढं पांढरं, तेवढंच दोन अक्षरांच्या मध्ये. ओळ पूर्ण झाली की कुंपणाच्या फळ्यांसारखी दिसली पाहिजे: फळी, फट, फळी, फट, सगळ्या सारख्या.

म्हणूनच इथे शब्द बघायला लागतो. 'मिनिमम' हा इंग्रजी शब्द टेक्स्टुरात लिहिला तर एकापुढे एक पंधरा सारखे दंड उभे राहतात, आणि कुठला दंड कुठल्या अक्षराचा ते ओळखू येत नाही. जुन्या लेखनिकांनाही हा त्रास होता. 'आय' ओळखू यावा म्हणून ते त्याच्यावर बारीक रेघ ओढायचे, तिचाच पुढे टिंब झाला. आता आपली नावं घ्या. 'यामिनी' रोमनमध्ये लिहिलं की 'एम, आय, एन, आय' सलग येतात, सात दंड. 'रुक्मिणी'चं तेच. 'मृण्मयी'मध्ये तर 'आर, यू, एन, एम' एका रांगेत, आठ दंड. अशी नावं टेक्स्टुरात दिसतात सुंदर, पण वाचता येत नाहीत. उलट 'श्रद्धा' घ्या. त्यात 'एच, डी, डी, एच' अशी डोकं वर काढणारी अक्षरं आहेत. 'गोपाळ'मध्ये एक पाय ओळीखाली जातो, एक डोकं वर. डोळ्याला खुणा मिळतात. अशा नावाला बिनधास्त टेक्स्टुरा द्यावा. पाटी करायला घेण्याआधी आपल्या नावात 'एम, एन, यू, आय' किती लागून आलेत एवढं बोटावर मोजलं तरी निम्मा निर्णय होतो.

संगणकावर काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाळावी. टेक्स्टुराच्या अक्षरांमधलं अंतर वाढवू नये. साध्या इंग्रजी अक्षरांना हवेशीर अंतर दिलं की ती रुबाबदार दिसतात, म्हणून सवयीनं इथेही स्पेसिंग वाढवलं जातं, आणि सगळं पोत फाटतं. दोन शब्दांमधली जागासुद्धा छोट्या 'एन'च्या रुंदीपेक्षा जास्त नको. गुटेनबर्गनं यासाठी काय केलं बघा. रोमन लिपीत एवढीशी अक्षरं, पण त्यानं त्या बायबलसाठी जवळपास २९० वेगवेगळे खिळे ओतले. एकाच अक्षराचे रुंद-अरुंद प्रकार, जोडाक्षरं, संक्षेपाच्या खुणा. हेतू एकच, की प्रत्येक ओळ दोन्ही कडांना नीट भिडावी आणि मधलं पांढरं कुठे कमीजास्त होऊ नये. देवनागरीच्या जुळाऱ्यांना, म्हणजे खिळे जुळवणाऱ्या कामगारांना, शेकडो खिळ्यांची कप्प्याकप्प्यांची पेटी हाताळावी लागायची, त्यामुळे मराठी माणसाला हा आटापिटा लगेच समजावा.

त्याच बायबलच्या सुरुवातीच्या काही पानांवर मथळे लाल शाईत छापायचा प्रयत्नही झाला होता. पुढे तो सोडून लाल काम हातानं करणाऱ्यांवर सोपवलं. काळ्या मजकुरात मोजकं लाल, हा गॉथिकचा जुना साज आहे. आजही रंग वापरायचा असेल तर पहिल्या अक्षराला एक लाल द्यावा आणि थांबावं. सोनेरी कडा, सावली, ग्रेडियंट यांनी अक्षरांचे कोपरे बोथट होतात, आणि कोपरे गेले की गॉथिक गेलं.

रोटुंडा हे दक्षिणेचं, इटली आणि स्पेनचं गॉथिक. तिथल्या लोकांनी उत्तरेइतकी मोडतोड मान्य केली नाही. अक्षरांची पोटं गोल राहिली, पायाशी चौकोन ठेवण्याऐवजी बरेचसे दंड सपाट संपतात, अंग जरा रुंद. बोलोन्याच्या कायद्याच्या पोथ्या यात लिहिल्या गेल्या. स्पेनच्या चर्चमधली अवाढव्य गायनग्रंथं यातच आहेत, कारण पूर्ण गायकवृंदाला उभ्या जागेवरून एकाच पुस्तकातलं वाचायचं असे. वाचता येणं ही तिथे गरजच होती. 'यामिनी' आणि 'रुक्मिणी' मी रोटुंडातच लिहिते. लग्नपत्रिकेवर दोन नावं आणि खाली चार ओळी असतील तरी हेच सुचवते. लोक गॉथिक मागताना रोटुंडाचं नाव कधीच घेत नाहीत, पण समोर दोन नमुने ठेवले की हात बहुतेक वेळा तिकडेच जातो.

तयार फॉन्टमध्ये रोटुंडा कमी मिळतो. कार्लगेओर्ग होफर यांनी १९९० च्या सुमारास 'सान मार्को' नावाचा एक केला, तो मला फार आवडतो. होफर ऑफेनबाखचेच. जर्मनीतल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरची अक्षरं घडवण्यातही त्यांचा मोठा हात होता. खाडाखोड करून 'पी'चा 'आर' किंवा 'एफ'चा 'ई' करता येऊ नये अशी मुद्दाम वेगळी केलेली ती अक्षरं. म्हणजे एक माणूस मध्ययुगीन पोथीचं वळणही जपतो आणि हमरस्त्यावर लांबून वाचता येणारे आकडेही घडवतो. दोन्हीकडे प्रश्न तोच, एक अक्षर दुसऱ्यापासून वेगळं कसं दिसेल.

श्वाबाखरबद्दल थोडक्यात. पंधराव्या शतकाच्या शेवटी जर्मनीत रुळलेलं, हातच्या लिखाणाच्या जवळचं, मोकळं अक्षर. छोट्या 'ओ'च्या दोन्ही बाजू फुगीर आणि वर-खाली टोकं. धर्मसुधारक मार्टिन लूथरनं केलेला बायबलच्या नव्या कराराचा जर्मन अनुवाद १५२२ मध्ये विटेनबर्गला छापला गेला तो यात. रांगडं, बोलकं. खानावळीचा मेनू, मसाल्याच्या बाटलीवरची चिठ्ठी, अशा घरगुती कामाला छान. पाटीवर एकटं नाव मात्र यात जरा ओकंबोकं वाटतं.

आणि मग फ्राक्टूर. पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट पहिला माक्सिमिलिआन याच्या दरबारात सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला हे घडलं. १५१३ मध्ये आउग्सबुर्गच्या योहान श्योन्स्परगरनं सम्राटाचं प्रार्थनापुस्तक छापलं, त्यात त्याची सुरुवात दिसते. पुढची चारशे वर्षं जर्मन पुस्तकं, वर्तमानपत्रं, शाळेची क्रमिक पुस्तकं मुख्यतः यात छापली गेली. फ्राक्टूरच्या मोठ्या अक्षरांना डौलदार वळसे असतात. इथले लोक त्यांना हत्तीची सोंड म्हणतात, आणि हे कळल्यापासून 'एम' आणि 'बी'च्या त्या सोंडा गिरवताना मला वेगळाच हुरूप येतो.

पण नावं लिहायला फ्राक्टूर सगळ्यात कठीण. अडचण मोठ्या अक्षरांची आहे. फ्राक्टूरचा मोठा 'ए' नवख्याला 'यू' वाटतो. मोठा 'के' बघून 'आर' वाटतो. 'बी' आणि 'व्ही' एकमेकांच्या इतके जवळ की शेजारी ठेवल्याशिवाय फरक कळू नये. 'आय' आणि 'जे' यांना तर बहुतेक ठिकाणी एकच रूप. म्हणजे 'अमित'चा 'उमित' होतो आणि 'काळे' आडनाव 'राळे' वाचलं जातं. छोट्या अक्षरांतही 'के' हा 'टी'ला फासा टाकल्यासारखा, 'वाय' म्हणजे शेपटीचा 'एन', 'एच'चा एक पाय ओळीखाली उतरलेला.

त्यात भर लांब 'एस'ची. जुन्या पद्धतीनं शब्दाच्या किंवा अवयवाच्या सुरुवातीला आणि मध्ये लांब 'एस' येतो, शेवटी आखूड. लांब 'एस' दिसायला थेट 'एफ'सारखा, फक्त मधली आडवी रेघ पूर्ण आरपार जात नाही. 'वसंत' लिहिलं तर आपल्याकडचा वाचक 'वफंत' वाचणार. 'अक्षय' हे नाव माझ्या मते फ्राक्टूरमधलं सगळ्यात अवघड नाव आहे: 'ए, के, एस, एच, वाय', एका छोट्या 'ए'शिवाय प्रत्येक अक्षर फसवं. कुणी अक्षय फ्राक्टूरचा आग्रह धरून आले की मी त्यांना कागदावर लिहून दाखवते आणि त्यांच्या बायकोला वाचायला सांगते. मग आम्ही सगळे टेक्स्टुराकडे वळतो.

माझा नियम असा. मजकूर जर्मन असेल तर लांब 'एस' त्याच्या जागी आलाच पाहिजे, 'सीएच', 'सीके' आणि 'टीझेड' ही जोडाक्षरं जोडलेलीच राहिली पाहिजेत. जर्मनीत हल्ली 'गास्टहाउस'च्या पाट्यांवर सर्रास आखूड 'एस' दिसतो, आणि माझ्या शेजारच्या आजींना तो खटकतो. त्यांचं खटकणं मला बरोबर वाटतं. भाषेनं चारशे वर्षं पाळलेली शिस्त पाटीवाल्यानं सोयीसाठी मोडू नये. पण मजकूर म्हणजे मराठी माणसाचं नाव असेल आणि वाचणारे आपलेच पाहुणे असतील, तर आखूड 'एस' वापरावा. तिथे वाचकाचा हक्क मोठा. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही 'एस' असतात. 'युनिफ्राक्टूर मागुंटिया' हा मोफत मिळणारा फॉन्ट त्या बाबतीत नीट विचार करून बनवलेला आहे.

एक गोष्ट मात्र चारही शैलींत सारखीच वर्ज्य: सगळी अक्षरं कॅपिटल. गॉथिकची मोठी अक्षरं शब्दाच्या सुरुवातीला एकेकटी उभी राहण्यासाठी घडली आहेत. ती शेजारीशेजारी दाटीनं बसवली की एकही वाचता येत नाही. बॅण्डच्या टी-शर्टवर, जिमच्या भिंतीवर हे फार दिसतं. तिरकं करणं, ताणून रुंद करणं हेही नको. फ्राक्टूरला तिरकं रूपच नसायचं. एखाद्या शब्दावर जोर द्यायचा तर जर्मन जुळारी त्यातल्या अक्षरांमधलं अंतर वाढवायचे, आणि तेव्हाही वर सांगितलेली जोडाक्षरं सुटू द्यायचे नाहीत.

जर्मनीत राहून गॉथिक लिहायचं तर एक विषय टाळता येत नाही. इथे काही लोक या अक्षरांकडे बघून दचकतात. नवनाझी टोळ्यांच्या झेंड्यांवर आणि कपड्यांवर ती दिसतात, आणि सिनेमावाल्यांनीही नाझी म्हटलं की फ्राक्टूर अशी सवय लावली आहे. खरा इतिहास जास्त वाकडा आहे. १९३३ नंतर सुरुवातीला नाझींनी ही अक्षरं 'जर्मन' म्हणून डोक्यावर घेतली. त्या काळात 'टाननबर्ग'सारखे ठोकळेबाज, वळणं छाटलेले गॉथिक टाइप निघाले. बर्लिनच्या एस-बान लोकलच्या उत्तर-दक्षिण बोगद्यातल्या जुन्या स्टेशनांवर त्या घाटाची नावं आजही वाचता येतात. आणि मग ३ जानेवारी १९४१ रोजी हिटलरच्या जवळचा पक्षाधिकारी मार्टिन बोरमान याच्या सहीनं फतवा निघाला की ही अक्षरं 'श्वाबाखर ज्यू अक्षरं' आहेत, यापुढे वापरायची नाहीत. आरोप धादांत खोटा होता. जिंकलेल्या देशांतल्या लोकांना फ्राक्टूर वाचता येत नव्हतं, हे व्यवहारी कारण त्यामागे असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात. ज्या कागदावर तो फतवा टाइप केला, त्याच्या माथ्यावरचं पक्षाचं नाव गॉथिकमध्येच छापलेलं होतं.

हे सगळं माहीत असताना मला ही अक्षरं सोडवत नाहीत, आणि सोडूही नयेत असं मला मनापासून वाटतं. ती आधी गुटेनबर्गची, लूथरची आणि कोखची आहेत. कोख यांचा ऑफेनबाखमधलाच एक विद्यार्थी बेर्टोल्ड वोल्पे. तो ज्यू होता, म्हणून १९३५ मध्ये त्याला देश सोडून इंग्लंडला जावं लागलं. गुरूकडून शिकलेला हात त्यानं तिकडे नेला आणि आधीच सुरू केलेलं 'अल्बर्टस' हे अक्षर तिथे पूर्ण केलं. एका फतव्यानं किंवा एका टोळीनं या अक्षरांचा वारसा ठरवावा हे मला मान्य नाही. व्यवहारात मी एवढं पाळते: जाड, ठोकळेबाज, वळण नसलेलं गॉथिक जर्मनीत पाटीवर किंवा कपड्यावर वापरत नाही, दुसऱ्यालाही देत नाही. टेक्स्टुरा, रोटुंडा आणि सोंडांचं मोकळं फ्राक्टूर यांकडे बघून सहसा कुणी दचकत नाही. फ्रँकफुर्टर आल्गमाइनं या दैनिकाचं नाव आजही त्या वळणात छापलं जातं, आणि २००७ पर्यंत त्यांच्या अग्रलेखांचे मथळेही फ्राक्टूरमध्ये असायचे.

आता मोबाइलवरचं गॉथिक. इन्स्टाग्रामवर नावापुढे गॉथिक अक्षरं टाकून देणाऱ्या साइट असतात, भाचरं तिथून नाव कॉपी करून लावतात. तो फॉन्ट नसतो. गणितात चिन्ह म्हणून फ्राक्टूर अक्षरं वापरतात, त्यांना २००१ मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, स्वतंत्र जागा मिळाल्या. तीच गणिती चिन्हं उचलून शब्दासारखी लावलेली असतात. साध्या वळणातली मोठी 'सी, एच, आय, आर, झेड' ही पाच आधीपासून दुसऱ्या तक्त्यात असल्यामुळे काही फोनवर तेवढीच वेगळ्या वळणाची दिसतात. खरी अडचण पुढे आहे. दृष्टिहीन माणसाचा फोन मजकूर वाचून दाखवतो, तेव्हा तो 'स्नेहल' असं वाचत नाही. प्रत्येक अक्षराला 'गणिती फ्राक्टूर अमुक' असं इंग्रजीतून म्हणत जातो, नाहीतर गप्पच बसतो. बऱ्याच ठिकाणी सर्चमध्येही ते नाव सापडत नाही. नावाला सजवायचं तर चित्र करून लावा, खाली साध्या अक्षरांत नाव लिहा. ज्याला डोळ्यांनी वाचता येत नाही त्यालाही आपलं नाव कळलं पाहिजे.

मराठी लोकांचा पुढचा प्रश्न ठरलेला: देवनागरी गॉथिकमध्ये लिहिता येईल का? नुसते देवनागरीचे गोल मोडून टोकं काढली की जे तयार होतं ते मला पटत नाही, आणि त्याला कारण आहे. गॉथिकसाठी पेन ज्या कोनात धरतात त्यानं डावीकडून उजवीकडे खाली उतरणारी रेघ जाड येते आणि वर चढणारी बारीक. देवनागरीचा बोरू उलट्या काटानं छाटतात, तिथे जाड-बारीक नेमकं उलटं पडतं. जुन्या छापील पोथीतला 'र' बघा, त्याचा उजवीकडे उतरणारा पाय बारीक असतो. गॉथिकच्या कोनात तोच पाय जाडजूड होतो आणि 'र' लंगडा दिसतो. देवनागरीला स्वतःचा जोर आहे. अच्युत पालवांचं मोडीवरून सुचलेलं काम बघितलेल्याला तो उसना आणावासा वाटणार नाही.

म्हणून दोन लिप्या शेजारी आल्या की मी आकार जुळवत नाही, काळेपणा जुळवते. इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात मुलांच्या चित्रकला स्पर्धेची प्रशस्तिपत्रकं मी लिहिते. माथ्यावर जर्मन शब्द 'उरकुंडं' टेक्स्टुरात, कारण जर्मन प्रशस्तिपत्रकाचा तो रिवाजच आहे, आणि खाली मुलाचं नाव देवनागरीत, देवनागरीच्या काटानं. टेक्स्टुरा पाच निब उंच, त्यात काळं-पांढरं निम्मं-निम्मं. देवनागरी तेवढ्याच प्रमाणात लिहिली तर 'व', 'ब', 'ठ' यांच्या पोटांमुळे फिकी पडते. म्हणून ती चार निब उंच ठेवते आणि शिरोरेषा वरच्या टेक्स्टुराच्या दंडाइतकी जाड. मग कागद लांब धरून डोळे किलकिले केले की दोन्ही ओळी सारख्याच राखाडी दिसतात. एक ओळ पुढे येत असेल तर निब बदलायची.

पाटी धातूवर किंवा अॅक्रिलिकवर कापून घ्यायची असेल तर आधी कापणाऱ्याला विचारा की तो किती बारीक रेघ टिकवू शकतो. कोख यांच्या 'विल्हेल्म क्लिंगस्पोर' टाइपमध्ये मोठ्या अक्षरांतून केसासारख्या रेघा जातात, कागदावर त्यांचं सौंदर्य अफाट, पण लेझरखाली त्याच आधी तुटतात. तिथे साधा, जाड टेक्स्टुरा घ्यावा.

हातानं शिकायचं असेल तर ग्राफचा कागद, एक चपट्या टोकाचं पेन आणि साधी काळी शाई पुरे. निबच्या रुंदीचे पाच चौकोन एकावर एक काढून उंची ठरवा, ओळी आखा आणि सुरुवातीला फक्त दंड काढा. दंड, तेवढीच फट, दंड. ते सारखे यायला लागले की 'आय', मग 'एन', 'एम', 'यू', मग 'ओ' आणि 'डी'. मोठ्या अक्षरांना घाईनं हात लावू नका. ती शेवटी शिकायची, आणि तीही आपल्या आणि घरच्यांच्या नावांना लागतील तेवढीच आधी.